बॉम्बे रव्याला पाच तारे

परवा के. आर. पुरमला मेट्रोतून उतरले, जिना उतरून कोपऱ्यावर आले आणि बघते तर काय, गोडाऊनच्या दारात पोह्यांचे ढीग! निळ्या पिंपांत शिगोशीग भरलेले पातळ पोहे, शेजारी शेंगदाणे, त्याच्या शेजारी डाळं, आणि वर पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेल्या कन्नड पाट्या. दसऱ्याच्या आयुधपूजेला रिक्षांना बांधलेली केळीची पानं आता वाळून तपकिरी झालीयेत, तरी कोणी सोडत नाही, तशीच फडफडत फिरतात. हवेत तो बेंगळुरूचा ऑक्टोबर, म्हणजे दुपारी एक सर, संध्याकाळी स्वेटर घालू की नको असला गारवा. आली की हो दिवाळी! मी लॅपटॉपची बॅग पाठीवर तशीच ठेवून थेट पिंपात हात घातला, मूठभर पोहे घेतले, नाकाशी नेले. आणि स्वतःशीच फिस्सकन हसले. कारण दोन वर्षांपूर्वी मी असलं काही केलं नसतं. दोन वर्षांपूर्वी मी मागची बाजू वाचली असती. पाकिटाची हो. पॅकिंगची तारीख, वजन, पोषणमूल्यं, सगळं!

थांबा, नीट सांगते. आमच्या आयुष्यात दोन दुकानं आहेत. त्यांची खरी नावं काही का असेनात, घरात त्यांना आम्ही ठेवलेली नावंच चालतात. एक गोडाऊन. हे घराजवळ, स्टेशनच्या मागच्या गल्लीत. छताला नुसते ट्यूबलाइट, खोक्यातला माल खोक्यातच, खोक्याचा वरचा भाग ब्लेडने कापलेला, घ्या उचलून. गाणी नाहीत, एसी नाही, पिशवी मागितली तर तुमच्याकडे असं बघतात की आपणच शरमून चार वस्तू छातीशी धरून निघतो. पण स्वस्त! सगळ्यावर सूट, बारा महिने. दुसरं गारेगार. हे इंदिरानगरला, माझ्या ऑफिसच्या मागे. आत शिरलं की अंगावर थंड हवेचा झोत, कुठलंसं हळू संगीत, सफरचंदांना स्वेटरसारखी जाळी घातलेली, आणि एक माणूस फक्त नमस्कार करायला उभा. तिथे मी उन्हाळ्यात कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी वीस मिनिटं हिंडलेय. कोथिंबिरीवर दर थोड्या वेळाने धुकं सोडतात. काय नशीब त्या कोथिंबिरीचं!

आता माझं काम टेस्टिंगचं. लोकांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या, त्याचाच पगार मिळतो. त्यामुळे दोन दुकानं समोर असली की माझे हात शिवशिवायला लागतात. कुठलं खरंच चांगलं? गोडाऊन स्वस्त आहे म्हणून माल कमअस्सल, की गारेगारला आपण नुसतं थंड हवेचं भाडं भरतोय? मी आणि माझी फ्लॅटमेट वैदेही, यावर आमचं रोज भांडण. ती नागपूरची. तिचं मत ठाम.

"स्वस्त ते स्वस्तच राहते बे. तू डाळीत खडे शोधून राहिली, मी नाही शोधणार."

"अगं पण गारेगारच्या डाळीला चवच नाही!"

"खडे नाही ना? मग चव काय करायची, दात वाचले ना!"

असं आमचं.

तर दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. त्या वर्षी गणपतीच्या आधी आई पुण्यात ओल्या फरशीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी हात आखडलेलाच. डॉक्टरांनी पिवळा रबरी चेंडू दिला, दिवसातून चार वेळा दाबा म्हणाले. आई तो दाबायची नाही. "मी काय लहान मूल आहे का चेंडूशी खेळायला," म्हणायची आणि पर्समध्ये टाकून द्यायची. आणि मग फोनवर एकदा, एकदम साध्या आवाजात म्हणाली, "यंदा फराळ नाही हं केतू. बघू, विकतचं काहीतरी आणू."

तुम्हाला माझी आई माहीत नाही म्हणून सांगते. आमच्याकडे विकतचा लाडू म्हणजे संकट. ती शेंगदाणा दोन बोटांत फोडून सांगायची कुठल्या भागातला. कोपऱ्यावरचे किराणावाले काका तिला बघितलं की पुढचं पोतं न उघडता मागचं उघडायचे. त्या बाईने असं "विकतचं" म्हणावं आणि वर चिडूही नये! मी लगेच बोलून गेले, "तू इकडे ये. फराळ मी करते."

आईने विचारलं, "तुझ्या रूमवर?"

ही रूम आली बघा. माझं सगळ्यात मोठं दुखणं! तेव्हा मला बेंगळुरूत तीन वर्षं झाली होती. दोन बेडरूमचा फ्लॅट, फ्रीज, दोन शेगड्या, बाल्कनीत कढीपत्ता, पडदेसुद्धा आम्ही मापाने शिवून घेतलेले. तरी आई रोज विचारायची, "रूमवर पोचलीस का?" "रूमवर पाणी आहे का?" घर म्हणजे पुण्याचं. इथे मी जणू परीक्षेला आलेय, पेपर संपला की परत. मी कधी बोलले नाही, पण मला आतून इतकं वाटायचं की एकदा, फक्त एकदा तिने चुकून तरी घर म्हणावं. आणि मी ठरवूनच टाकलं की या दिवाळीत म्हणणार. ती येईल, डबा उघडेल, लाडू खाईल. आमच्याकडे आई चांगल्या पदार्थाला चांगला म्हणत नाही. काही न बोलता दुसरा उचलते. बस, तेवढं पाहिजे होतं मला. ती गप्प राहून दुसरा लाडू उचलते की नाही, सगळं त्यावर होतं.

मग काय, टेस्टिंग सुरू! तीन आठवडे हातात. मी एक शीट बनवलं. एकेक जिन्नस, दोन्ही दुकानांतला, समोरासमोर. रंग, वास, कचरा, तुटफूट, चव, आणि शेवटी तारे. पाचापैकी. रोज संध्याकाळी इंदिरानगरहून गारेगारची पाकिटं घेऊन मेट्रोत बसायचं, उतरून गोडाऊनमधून त्याचाच भाऊ घ्यायचा आणि घरी येऊन दोघांना ताटात शेजारी शेजारी बसवायचं. एकदा मेट्रोच्या तपासणीत माझ्या बॅगेत पांढऱ्या पावडरीसारखं काहीतरी दिसलं. गार्डबाईने बॅग उघडायला लावली.

"क्या है?"

"रवा."

"इतना?"

"दिवाळी," मी म्हटलं. तिने मान हलवली आणि "सरी, सरी", म्हणजे ठीक ठीक, म्हणत जाऊ दिलं. दिवाळीपुढे सुरक्षा व्यवस्था काय करणार!

रविवारी सकाळी तर वैदेहीच्या डोळ्यांना ओढणी बांधून मी तिला शेंगदाणे भरवले. एक गोडाऊनचा, एक गारेगारचा, कुठला कुठला ते माझ्याकडे कागदावर.

"हा गोड आहे. हा पण गोड. हा... थू! खवट आहे ना बे! गोडाऊनचा असन."

"गारेगारचा."

तिने ओढणी वर केली. एकच डोळा दिसत होता. "महागाचा खवट? वा बाप्पा! वरतून तो माणूस नमस्कार करते!"

काय काय कळलं म्हणून सांगू! गारेगारचे वेलदोडे टपोरे, हिरवेगार, फोटो काढावेत असे, आणि सोलले की आत वासच नाही. गोडाऊनचे बारके, पिवळट, अर्ध्यांची तोंडं उघडलेली, पण डबा उघडला की वैदेही तिच्या खोलीतून विचारणार, "खीर करून राहिली का?" काजू मात्र गोडाऊनला तुकडा. पण लाडवात अख्खा काजू कशाला, आणि वर एक अर्धा लावायचा तो तुकड्यांतून निघतोच की. पोहे गोडाऊनचे चाळावे लागतात, खाली चांगली मूठभर कणी निघते. गारेगारचे चाळून येतात पण पाकिटात इतके दाबलेले की निम्मे मोडके. साखर कुठलीही घ्या, साखर ती साखर. तूप गारेगारचं, यात वाद नाही, ते दाणेदार होतं आणि मी वैदेहीसमोर हार मानली. म्हणजे एका दुकानाला सरसकट चांगलं म्हणायची सोयच नाही! गोडाऊन कुठे काटकसर करतं तर दिव्यात, पिशवीत, खोक्यात. गारेगार कुठे खर्च करतं तर तिथेच. पिकवणाऱ्याकडून दोन्हीकडे एकाच ट्रकने आलं असेल. मधल्या मधे एकाने स्वेटर घातला.

आणि मग आला रवा.

मी गोडाऊनमध्ये रव्यासमोर उभी राहिले. दोन पिंपं. एकावर पाटी, कन्नडमध्ये आणि खाली इंग्रजीत: चिरोटी रवा. दुसऱ्यावर: बॉम्बे रवा.

अहो, बॉम्बे! परमुलखात, ट्यूबलाइटखाली, पिंपावर आपलं नाव! खरं तर मी पुण्याची, बॉम्बेशी माझा संबंध कॉलेजातल्या दोन सहलींपुरता. पण तीन वर्षं बाहेर राहिलं की माणूस कशालाही आपलं म्हणायला लागतो. माझा ऊर भरून आला. आपल्यासाठी आणून ठेवलाय की यांनी! आणि चिरोटी म्हणजे सरळ आहे, चिरोट्यांसाठी. आपल्याला थोडेच चिरोटे करायचेत? शीटमध्ये मी लिहिलं, "चिरोटी रवा: फक्त चिरोट्यांना. आपल्याला नको."

मग दोन्ही दुकानांतला बॉम्बे रवा आणला. कोरडा भाजून बघितला. घड्याळ लावलं, वास कितव्या मिनिटाला सुटतो. पाण्यात टाकून बघितला. पांढऱ्या कागदावर पसरून मोबाइलचा टॉर्च मारला. गोडाऊनचा जिंकला! माझ्या शीटमधला शेरा मला अजून तोंडपाठ आहे: "मोकळा, दाणेदार, एकसारखा. रव्याच्या लाडवांसाठी सर्वोत्तम." पाच तारे. आख्ख्या शीटमधले एकमेव पाच तारे.

आणि इतकं छान काम झालंय तर आपल्याजवळच का ठेवायचं? आमच्या भागातल्या मराठी घरांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. दिलं टाकून! अंगठे, फुलं, टाळ्या नुसत्या. कुलकर्णीकाका म्हणून एक आहेत, बायको अमेरिकेत मुलीच्या बाळंतपणाला गेलेली, त्या वर्षी पहिल्यांदाच स्वतः फराळ करणार होते. त्यांनी लिहिलं, "केतकी, तू म्हणशील तो रवा." माझा आनंद गगनात मावेना.

आई सकाळी यशवंतपूर स्टेशनला उतरणार होती. आदल्या दिवशी मी सुट्टी टाकली. तुपात रवा भाजला, ओलं खोबरं, एकतारी पाक, बारक्या वेलदोड्यांची पूड, सगळं व्हिडिओ बघून अगदी तंतोतंत. वीस मिनिटं ठेवलं आणि वळायला घेतलं. वळेचना! मुठीत दाबला की लाडू, मूठ उघडली की रवा. मी आणखी तूप घातलं. वैदेही दारात उभी.

"हे काय होऊन राहिलं?"

"थंड झाले की घट्ट होतील."

कुठून आला हा आत्मविश्वास मला, देव जाणे. शेवटी तेवीस लाडू डब्यात एकमेकांच्या आधाराने कसेबसे उभे केले आणि झाकण लावलं. परत उघडून बघायची हिंमत झाली नाही.

सकाळी आई उतरली. उजव्या मनगटाला तो करड्या रंगाचा पट्टा, आणि डाव्या हाताने सारखी उजव्याला धरून, जणू तो कुणाचा तरी सांभाळायला दिलेला हात आहे. रिक्षावाल्याला मी पूर्ण रस्ता "अण्णा, स्वल्प मुंदे, स्वल्प मुंदे" म्हणत होते, जरा पुढे, जरा पुढे. आई म्हणाली, "तुला येते की भाषा." मी म्हटलं, "दोनच शब्द येतात." ती म्हणाली, "पोचलो ना त्यात?"

घरी आल्यावर चहा झाला, आणि आईने स्वतःच डबा ओढला. डाव्या हाताने झाकण काढलं.

लाडू नव्हतेच हो! डब्यात वाळू होती. वर तेवीस अर्धे काजू, समुद्रावरच्या शिंपल्यांसारखे.

आईने एक चिमूट तोंडात टाकली. मला तो आवाज ऐकू आला. कचकच. दुसरी चिमूट घेतली नाही. गप्प बसली, पण ही ती गप्प नव्हती. त्याच वेळी माझा फोन वाजला, ग्रुपवर कुलकर्णीकाका. फोटो आणि खाली, "केतकी, हे लाडू फुटत नाहीयेत. तुझ्या शीटमध्ये हातोडा कुठला चांगला ते आहे का?" त्यांनी पाक पुढे जाऊ दिला असणार. आमची वाळू, त्यांचे दगड. मला रडायलाच आलं. तीन आठवडे! टॉर्च मारून!

"रवा दाखव," आई म्हणाली.

मी पिशवी आणली. तिने डाव्या हाताच्या बोटांत चोळला. एकदाच.

"हा जाड आहे गं. उपम्याचा."

"पण त्यावर बॉम्बे लिहिलं होतं!"

"मग? बॉम्बेत उपमा करत नाहीत का?"

वैदेही आतून इतकी हसली की तिला ठसका लागला. तेवढ्यात शेजारच्या शैलाअक्का आल्या, आई आली का बघायला. त्या मूळच्या बेळगावकडच्या, लग्न होऊन इथे आल्या त्याला पंचवीस वर्षं झाली. त्यांची मराठी ऐकली की मला वाटतं कन्नड आणि मराठी बहिणी एकाच खाटेवर बसून गप्पा मारताहेत. त्यांनी डब्यात बघितलं, पिशवीत बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं पोरी! लाडवाला चिरोटी रवा लागतोय की! हिकडं बारक्या रव्याला चिरोटी म्हणत्यात. मला इचारायचं नव्हतंस?"

म्हणजे तीन आठवडे मी दोन दुकानांतल्या चुकीच्या रव्याची एकमेकांशी तुलना केली होती. आणि जो जास्त चुकीचा, त्याला पाच तारे.

"टाकून देते," मी म्हटलं. "मी नवीन आणते. चिरोटी."

"टाकतेस काय?" आईचा आवाज एकदम बदलला. म्हणजे परत आला. किराणावाल्या काकांशी ज्या आवाजात बोलायची, तो. "एवढं तूप खाल्लंय त्याने. परात आण. दूध कोमट कर. वाटीभरच. जाड रव्याला काही होत नाही, तो फक्त मुरला नाहीये. तू वीस मिनिटांत वळायला घेतलास, त्याला आत पाक प्यायला वेळ नको का?"

"मिक्सरमधून काढू या?"

"पीठ होईल. वाकडा असला तरी दाणा आहे तो, राहू दे दाणा." तिने दुधाचा हबका मारला, डाव्या हाताने सगळं वरखाली केलं, ओलं फडकं टाकलं. "आता चार तास याच्याकडे बघायचं नाही. चल, तुझी ती दोन दुकानं दाखव मला."

इंदिरानगर लांब, म्हणून गारेगारचं दर्शन राहिलं. गोडाऊनला गेलो, आई, मी आणि शैलाअक्का. दारात आई थबकली. ट्यूबलाइट, खोकी, पुठ्ठ्याच्या पाट्या. मला आपलं वाटलं आता म्हणणार, काय हे. ती म्हणाली, "अगोबाई, उघडा माल!" आणि सरळ पिंपाकडे. पोह्यांत हात. शेंगदाण्यांत हात. डाळं उचलून चावलं. मग रव्याच्या पिंपात तिने हात घातला मनगटापर्यंत, आणि मी बघत राहिले, कारण तो डावा नव्हता. पट्टा वर सरकवून तिने उजवा हात घातला होता. रवा गार असतो ना, पिंपातला. ती बोटं आत उघडत होती, मिटत होती, उघडत होती.

"अम्मा, कै हाक्बेडि!" गोडाऊनची बाई ओरडली. हात घालू नका म्हणून.

आईला काही कळलं नाही. तिने हसून मान डोलावली. "हो हो, चांगलाय! ताजा आहे!"

मी शरमेने लाल, शैलाअक्का मधे पडल्या, कन्नडमध्ये काय सांगितलं कुणास ठाऊक, ती बाई एकदम नरमली आणि आईला बसायला खोकं दिलं! नंतर विचारलं तर अक्का म्हणाल्या, "काय न्हाई, म्हटलं डॉक्टरनं सांगितलंय त्यांना, धान्यात हात घाला म्हणून."

आईने चिरोटी रवा पाव किलोच घेतला. मी म्हटलं अगं लाडवांना पुरणार नाही. ती म्हणाली, "लाडवांना नाहीच. चिरोटे करू. नावच आहे तर."

परत आलो तेव्हा दुपार कलली होती. फडकं काढलं. आणि काय सांगू! रवा फुगून टुमटुमीत झालेला, दाणा न् दाणा मऊ, तरी सुटा. आईने परातीशी बसकण मारली. पहिला लाडू डाव्याने, तो वाकडा झाला. दुसरा उजव्यात घेतला, जरा तोंड वेडंवाकडं केलं, सोडला. मग परत घेतला. डाव्याने उजव्याची मूठ बाहेरून धरली आणि दोन्ही हातांनी मिळून वळला. शैलाअक्का काजू लावत होत्या, वैदेही दिवाळीला नागपूरला जाताना न्यायचे म्हणून एकेक पळवत होती आणि आई तिच्या हातावर चापट मारत होती, तीही उजव्याच हाताने. तेवीसचे सव्वीस झाले. तो पिवळा चेंडू पर्समध्ये तसाच होता.

शेवटचा लाडू परातीतच तिने फोडला, अर्धा मला, अर्धा स्वतः. बारीक रव्याचा जसा जिभेवर विरघळतो तसा नव्हता हा. याला चावावं लागत होतं, आणि चावलं की आतला पाक हळूच सुटायचा. आई खिडकीबाहेर बघत खात होती. काही बोलली नाही. हात पुढे झाला आणि एक अख्खा लाडू उचलला.

मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. पाणी नको होतं.

कुलकर्णीकाकांसाठी आईने ग्रुपवर आवाजी निरोप पाठवला. दगड फोडायचे कसे, दूध किती, किती वेळ झाकायचे, दूध लागलं की दोन-तीन दिवसांत संपवायचे. शेवटी, "आणि घाबरू नका, आमच्या केतकीचे पण बिघडले होते." काकांनी उत्तर दिलं, "ताई, तुम्ही ग्रुपच्या अॅडमिन व्हा." मग ती माझ्या शेजारी बसली आणि शीट दाखव म्हणाली. रव्याच्या ओळीवर आली. मी पाच तारे पुसायला गेले तर म्हणाली, "कशाला? रवा चांगलाच आहे. पुढे लिही, चालतो, पण वेळ द्यावा लागतो." मी लिहिलं.

पण घर म्हणाली नाही हो! जाताना स्टेशनवर म्हणाली, "रूमवर पोचलीस की फोन कर." मी हसून हो म्हटलं. मग दोन वर्षं तसंच. रूमवर गॅस आला का, रूमवर कोण आहे. मी ते मनातून सोडून दिलं असं मी म्हणते, पण तुम्हाला कळलंच असेल.

तर परवा, हातात मूठभर पोहे, आणि फोन वाजला. आई. तिचं मनगट आता ठणठणीत आहे, पुण्यात हवा तेवढा फराळ करू शकते, म्हणून मी विचारलंही नव्हतं.

"केतू, मी तिकीट काढलंय. यशवंतपूरचंच. पोहे घेऊन ठेव पण चाळू नकोस, मी आल्यावर चाळीन. शैलावहिनींना सांग परात लागेल. आणि ते बारके वेलदोडे, वासाचे, आहेत का घरात?"

स्टेशनजवळ इतका आवाज, रिक्षा, बस, मेट्रो. मला वाटलं नीट ऐकू आलं नसेल.

"कुठे?"

"घरात गं! बेंगलोरच्या. मसाल्याच्या डब्यामागे मीच ठेवले होते मागे. बघ जरा."

"बघते," मी म्हटलं. "आणि रवा कुठला घेऊ?"

"बॉम्बे," आई म्हणाली. "मी सकाळी लवकर पोचतेय. मुरायला आख्खा दिवस आहे."